पाच नंबरच्या गाडीचा निकाल

मी, रखमाजी बाळू कोकरे, वय वर्षे सदुसष्ट, धंदा दुचाकी दुरुस्ती, राहणार राहू, तालुका दौंड, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. छाती तेवढी नाही. किक मारली की कळ येते, आणि किक मारणं बंद करा असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरं माणूस लागतं. पत्नी म्हाळसा २०१९ साली वारली. एकुलती एक मुलगी हर्षदा शिरूरला राहते, रांजणगावला कारखान्यात नोकरीला जाते. तिचा विषय कलम सहामध्ये आहे. तिथवर पोचायला मला थोडा वेळ लागेल, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

कलम १. राहू येथील दोन खोल्यांचं पत्र्याचं घर आणि बँकेत जे काही असेल ते हर्षदाचं. फडताळात चिंचोक्यांचा डबा आहे, तोही तिचाच. आमच्या गाड्यांच्या शर्यतीच्या फेऱ्या म्हाळसा चिंचोक्यांनी मोजायची. घड्याळवाले चुकले, ती कधी चुकली नाही.

कलम २. यवतचं गॅरेज भाड्याच्या जागेत आहे, ती जागा मालकाकडे परत जाईल. सगळी हत्यारं नकुशी देवकाते हिला द्यावीत. ती नात्यातली नाही, मला मामा म्हणते. अठरा वर्षांची असताना माझ्याकडे काम शिकायला आली. आज कार्बोरेटर कानाने लावणारं माणूस यवतमध्ये ती एकटीच. दहा नंबरच्या पान्याचा दांडा वाकडा आहे, तो तिने सरळ करू नये. वाकडा आहे म्हणूनच तो आतल्या बोल्टपर्यंत पोचतो.

कलम ३. गाडीचा काढलेला पार्ट मी कधी फेकला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळायचा, वर गाडी कोणाची, काय काढलं, काय बसवलं आणि तारीख लिहायची, आणि डब्यात टाकायचा. म्हाळसा म्हणायची, "तुम्ही माणसांपरीस लोखंडाची आठवण जास्त ठेवता." ते सगळे डबे भंगारात घालावेत, एक पुडी सोडून. ती पुडी कुठे जाईल ते कलम सातमध्ये आहे.

कलम ४. नदीच्या अंगाला माझी सव्वा एकर जमीन आहे. उसाला पाणी देऊन देऊन ती चोपण झाली. वर पांढरं मीठ येतं, गवतसुद्धा उगवत नाही. २००९ साली मी तिच्यावर जुने टायर मांडले, फक्कीने रेघा मारल्या आणि शर्यतीची धाव केली. भंगारातून आठ गाड्या उभ्या केल्या. एकही शंभर सीसीच्या वर नाही. लोक हसले. माझं म्हणणं साधं होतं. मोठ्या गाडीवर तुमची चूक इंजिन झाकतं. लहान गाडीवर ब्रेक जरा जास्त दाबला तर गेलेला वेग परत यायला अर्धी फेरी जाते. त्यामुळे चालवायला शिकावंच लागतं, आणि पडलं तरी माणूस उठून कपडे झटकतं.

आमचे नियम तीन. सकाळी चिठ्ठी काढायची, चिठ्ठीत येईल ती गाडी चालवायची. अर्ध्या तासात प्लग, चेनचा ताण आणि हवा बघायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. शर्यत झाली की जिंकलेली गाडी सगळ्यांसमोर खोलायची. बक्षीस काही नाही. जिंकणाऱ्याचं नाव पत्र्याच्या फळीवर येतं आणि पुढची शर्यत सोडायचा झेंडा त्याच्या हातात असतो. जमीन, आठ गाड्या, फळी आणि झेंडा हर्षदा आणि नकुशी या दोघींच्या नावे करावा. तिथे प्लॉटिंग करू नये.

कलम ५. प्लॉटिंगवरून आठवलं. पुतण्या सम्राट याला मी काही ठेवलेलं नाही, ते विसरून नव्हे. त्याने चारशे सीसीची गाडी आणून या जमिनीवर धूळ उडवली आणि ही खेळणी विकून इथे प्लॉट पाडा म्हणाला. मी त्याला तीन नंबरची मोपेड दिली. दुसऱ्या वळणावर तो मिठात बसला. त्या मोपेडचे दोन आरसे त्याला द्यावेत, मागून कोण येतं ते दिसेल. एवढं सोडलं तर पोरगा वाईट नाही. म्हाळसाच्या वेळी लाकडं त्यानेच आणली होती.

कलम ६. रविवार, ११ फेब्रुवारी २०१८. हर्षदाला चिठ्ठीत पाच नंबर आली. जुनी पाच नंबर मोडली म्हणून ही गाडी नवीनच घेतलेली, एका दूधवाल्याने विकलेली, आणि त्या गाडीची ती पहिलीच शर्यत. बारा फेऱ्या झाल्या. हर्षदा पहिली, नकुशी दुसरी. मी पंच होतो. गाडी खोलली आणि पुढच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरवणाऱ्या चक्राचे, दात मोजले. चौदा पाहिजेत, तेरा निघाले. एक दात कमी असला की गाडी वळणातून लवकर उचलते. हत्यारांची पेटी हर्षदाच्या हाताशी होती, अर्धा तासही मिळाला होता. मी पन्नास माणसांसमोर माझ्या मुलीला लबाड ठरवलं.

ती म्हणाली, "आबा, म्या त्याला हात लावला न्हाई. तुम्ही मला वळखता."

मी म्हणालो, "पंचाला पोरगी नसती."

तेव्हा हे वाक्य मला फार आवडलं होतं. तिने फडक्याला हात पुसले, फडक्याची घडी करून पेटीवर ठेवली, आणि संध्याकाळच्या एसटीने शिरूरला मैत्रिणीकडे गेली. फळीवर मी नकुशीचं नाव लिहिलं. पुढच्या वर्षी म्हाळसाच्या दशक्रियेला हर्षदा आली, बायकांत बसली, सगळ्यांशी बोलली. माझ्याशी नाही.

२०२१ साली डबे आवरताना पुडी सापडली. अक्षर माझं. "दूधवाला. चौदा काढलं, तेरा बसवलं, बंधाऱ्याचा चढ कॅन घेऊन चढत नाही म्हणून. १९ सप्टेंबर २०१७." तीच गाडी डिसेंबरात आम्ही घेतली आणि टाकीवर पाच नंबर रंगवला. स्प्रॉकेट मीच बदललं होतं आणि विसरलो होतो. लिहून ठेवायची सवय असलेल्या माणसाने लिहिलेलं वाचलं नाही.

पुडी खिशात घालून मी तीनदा शिरूरला गेलो. ती कंपनीच्या बसमधून उतरते, हातात डबा असतो, रस्ता ओलांडून जाते. मी समोरच्या हॉटेलात चहा घेतला आणि परत आलो. तिन्ही वेळा.

पुडी सापडल्यापासून शर्यत घेतलेली नाही. झेंडा ज्याचा तो इथे नाही, मग सोडणार कोण. दर रविवारी मी फक्की मारतो, आठही गाड्या एकेक करून चालू करतो, गरम झाल्या की बंद करतो. शेवटची बंद झाली की फार शांत होतं. लोकांना सांगितलं की परवानगीची अडचण आहे.

आज सकाळी नकुशीला पुडी दाखवली. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मामा, त्या दिशी मी तिच्या मागंच व्हते. तिनं ब्रेक न लावता दुसरं वळण घेतलं. मी लावला. ती तिथं जिंकली, दातावर न्हाई." मी विचारलं, मग तेव्हा का बोलली नाहीस. म्हणाली, "तुमच्यापुढं कोण बोलतंय."

फळीवरचं नाव मी आजच बदललं आहे. हर्षदा रखमाजी कोकरे, पहिली. रंग ओला आहे. हर्षदा, चूक माझी होती. तुला मी ओळखत होतो आणि तरी दात मोजले.

कलम ७. मृत्युपत्राचा अंमल लिहिणारा मेल्यावर होतो असं वकिलांनी सांगितलं. ऐकून मला बरं वाटलं होतं. माफी मागायची आणि तिच्या तोंडाकडे बघायला आपण नसायचं. पण कलम सहा लिहून झाल्यावर वाटलं, हे म्हणजे वळण यायच्या आधीच गाडी बाहेर काढणं झालं. म्हणून पहिली पाच कलमं माझ्या मागे लागू होतील. सहा आणि सात आजपासून लागू. या दोन कलमांची नक्कल पुडीसकट नकुशी आजच शिरूरला नेऊन देईल.

रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळी नऊला शर्यत ठेवली आहे. झेंडा हर्षदाचा आहे. ती आली नाही तर शर्यत होणार नाही, आणि त्याबद्दल तिला कोणी बोल लावू नये. दहापर्यंत वाट बघेन असं लिहिणार होतो. पण रविवारी मला दुसरं काम नसतं. मी दिवसभर तिथेच आहे.

ठिकाण : राहू, ता. दौंड
दिनांक : २० नोव्हेंबर २०२५, गुरुवार

सही : रखमाजी बाळू कोकरे

आमच्यासमोर वाचून सही केली :
१) कोंडिबा शितोळे, निवृत्त पोस्टमन, राहू
२) भामाबाई टकले, चहाची टपरी, यवत (अंगठा)

पोच : कलम सहा व सातची नक्कल आणि पुडी हर्षदाला न्यायला मिळाली. एसटीची वाट बघत नाही, पाच नंबरच्या गाडीवरच शिरूरला जाते. मामांना किक मारू दिली नाही.
— नकुशी देवकाते