स्वरानं हात ढकलला

सरावली, बोईसर

चि. बन्सीस थोरल्या अक्काचा आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या बायकोचे गुडघे दुखायचे थांबले का, का अजून कण्हतेच?

नात सुधारली का म्हणून विचारतोस. स्वरा काय तुझ्या विहिरीवरची मोटर आहे दुरुस्त व्हायला?

तिच्यासारख्या, उशिरा शिकणाऱ्या पोरांच्या केंद्रातली जागृती तिला शिकवायला घरी येते. मला शिकवते, "आजी, तिला भरवू नका, हात बांधून बसा." वीस वर्षांपूर्वी मी स्वराला भरवायला लागले तेव्हा हिला स्वतःचा शेंबूड पुसता येत नव्हता.

स्वतःच्या हातानं खाताना स्वराचा भात निम्मा अंगावर सांडतो. काल मला बघवेना, घास पुढं केला. स्वरानं माझा हात ढकलला. "मी!" म्हणाली. जागृती येड्यासारखी टाळ्या पिटत बसली.

बन्सी, आता मी मेले तरी पोरगी उपाशी मरत नाही. जागृतीला हे बोलले नाही, आधीच शेफारलीय.

तुझी अक्का,
साखरबाई