पदराआडून पाहिलेला कापूस

आई, मी तुझ्यावर अजून रागावलेले आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, आणि चारचौघांत मी बोलतेही. तुझ्या हातची बाजरीची भाकरी, तुझे कष्ट, सगळं सांगते. पण एकटी असले की तो दवाखान्यातला दिवस आठवतो आणि डोकं फिरतं. अगं, साधा कापूस होता तो. सुई नव्हती, चाकू नव्हता, रक्ताचा थेंबही काढायचा नव्हता. डॉक्टरीणबाई तुझ्या पायाला कापूस लावणार होत्या आणि तुला कळतंय की नाही एवढंच सांगायचं होतं. तेवढंसं खरं तुझ्याच्यानं बोलवलं नाही.

लढाईचे दिवस होते. कापड रेशनवर मिळायचं, आणि मिळालेलं सगळं तू माझ्या लग्नासाठी पेटीत घालून ठेवत होतीस. स्वतः नेसायचीस ते लुगडं इतकं विरलेलं की ओढ्यावर धुताना त्यातून खालचा दगड दिसायचा. माझं लग्न राहुरीकडच्या, पाटाच्या पाण्याखालच्या एका घरात ठरलं होतं. त्याच सुमाराला तुझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला आणि तुला पत्ताच नाही. खुरपताना शेजारणीला रक्त दिसलं, ती ओरडली, तेव्हा कुठं तू खाली पाहिलंस. संध्याकाळपर्यंत तिनं ती गोष्ट घरोघर पोचवली. पाय बधिर झाला म्हणजे महारोग, यापलीकडे आपल्या गावाला दुसरं काही सुचतच नसे. गावातल्या एका म्हाताऱ्याला नगरच्या याच डॉक्टरीणबाईंनी कापूस लावून पाहिला होता, आणि त्यानंतर तो ओढ्यापलीकडे खोपीत राहायला गेला होता. त्याच्या दोन्ही मुली बिनलग्नाच्या राहिल्या. त्यामुळे तुझ्या मनानं घेतलं, की कापूस लावतात तो महारोग धरायलाच.

जखम काही भरेना म्हणून वडिलांनी आपल्या दोघींना पेट्रोल मिळेना म्हणून कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं नगरला नेलं. ते बाहेर लिंबाखाली बसले. आत बाईंनी आधी तुझी लघवी निळ्या औषधात घालून उकळली, ती विटेसारखी लाल झाली. साखर आहे, त्या म्हणाल्या. मग तुला खाटेवर निजवलं.

बाई डोळे मिटायला सांगतात. तू म्हणतेस, परक्या ठिकाणी डोळे मिटून पडायची लाज वाटते, तोंडावर पदर घेऊ का? बाईंना ते पटतं. आपल्याकडच्या बायकांची लाज त्यांना ठाऊक आहे, त्या उलट कौतुकानंच मान डोलावतात. काडीला गुंडाळलेला कापूस त्या तुझ्या अंगठ्याला लावतात, तळव्याला लावतात, घोट्याला लावतात, आणि तू दर वेळी न चुकता "व्हय" म्हणतेस. मग त्या एक दोन पायांचा लोखंडी चिमटा काढतात, हातावर आपटून घोट्याच्या हाडावर टेकवतात आणि थरथर कळते का विचारतात. तू व्हय म्हणतेस. त्या चिमटा मुठीत धरून थरथर थांबवतात, पुन्हा टेकवतात. तू पुन्हा व्हय म्हणतेस. बाईंच्या कपाळाला आठी पडते.

"बाई, कळलं तर हो म्हणा, नाही कळलं तर नाही म्हणा. यात पास-नापास काही नाही."

मी तुझ्या उशाशी उभी होते. मला वाटलं, आता तू नाही म्हणशील. बाईंनी परत कापूस घेतला. या वेळी मुद्दाम अधूनमधून तो नुसताच हवेत धरला. हवेत धरला की तू गप्प, टेकला की व्हय. एकसुद्धा चूक नाही. चिमट्याचं तुम्हाला समजलं नसेल, असं म्हणून बाईंनीच तुझी समजूत घातली. गूळ-साखर बंद करा, भात कमी करा, जखम धुऊन बांधत जा, पाय बाकी चांगले आहेत, असं सांगून त्यांनी आपल्याला वाटेला लावलं.

येताना मोटार कोळसा घालायला थांबली. वडील खाली उतरले, तशी तू माझ्या कानाशी आलीस. "कळत काय बी न्हवतं गं. पन पदर इरलाय न्हवं, समदं दिसत हुतं." आणि तू हसलीस. बाजारात कुणाला तरी गंडवून आल्यासारखी हसलीस. त्या हसण्याचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो.

लग्नाच्या दिवशी अंगणात चुलाण पेटलं होतं. साखरेचा आजार अंगात घेऊन तू गुळाच्या लापशीची कढई ढवळत होतीस, अनवाणी. पाय चांगले आहेत असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या होत्या ना, मग तुला कोण अडवणार? निखारे खाली पडत होते. मी मुंडावळ्या बांधून ओटीवर बसलेली. विहिणीचे पाय धुवायची वेळ झाली. तू तांब्या-परात घेऊन माझ्या सासूपुढं वाकून बसलीस, तिच्या पायांवर कोमट पाणी घातलंस, पदरानं बोटं पुसलीस. आणि माझ्याकडे वळलेला तुझा तळवा मला दिसला. काळा पडला होता, कातडं सुटलं होतं. आई, पाय, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. तू मागं न बघता लुगडं तळव्यावर ओढलंस आणि म्हणालीस, कोळसा लागला आसंल. बायका हसल्या. नवरीला भलत्या वेळी भलतं सुचतं म्हणाल्या. त्या हसणाऱ्यांतली एकही पुढं तुझ्या पायाला पाणी लावायला आली नाही.

पाय सडला. मला सासरहून आणलं तेव्हा तू त्याच दवाखान्यात होतीस, तापानं फणफणलेली. बाई चिडल्या होत्या. त्या दिवशी खरं सांगितलं असतंत तर चुलीपासून लांब राहायला सांगितलं असतं, चपला घालायला लावल्या असत्या, रोज रात्री लेकीकडून तळवे बघून घ्या म्हटलं असतं, असं त्या तुला माझ्यादेखत सुनावत होत्या. साखरेनं पायाच्या शिरा मरतात, त्याला महारोग म्हणत नाहीत, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. तू उशीवरून मान त्यांच्याकडे वळवलीस.

"मंग हे आदी सांगायचं हुतं, बाई."

बाई पुढच्या खाटेकडे वळल्या. त्यांचाही मला राग आहे, आई. कापूस कशासाठी लावतोय हे सांगायला त्यांचं काय जात होतं? तू पाचव्या दिवशी गेलीस. आणि गावानं काय केलं? महारोगच होता, लपवून पोरगी उजवली, असंच म्हटलं. म्हणजे ज्या नावाला भिऊन तू मेलीस ते नाव तुला चिकटलंच. माझ्या सासरी ते कानावर आलं, पण तोवर मी घरात रुळले होते. पुढं माझ्या सासूला साखर झाली तेव्हा तिनं ती सगळ्या पाव्हण्यारावळ्यांना सांगितली, वेगळी भाजी मागून घेतली, सुनांकडून तळवे चोळून घेतले आणि भरपूर जगली. तिचे पाय चोळताना मी दात-ओठ खायची. तिला वाटायचं, मला कामाचा कंटाळा आहे.

माझं लग्न मोडलं असतं, एवढीच तुझी भीती ना? मोडलं असतं तर मोडलं असतं. दुसरं जमलं असतं, नसतं जमलं तर मी तुझ्याजवळ राहिले असते. मला विचारलंस का तू? माझ्यासाठी म्हणून जे केलंस ते माझ्याच माथी मारलंस, आणि त्याचे उपकार मानायला मला जन्मभर मागं ठेवलंस. मी नाही मानणार.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. आणि तू असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, तेही नकोच.

आता मलाही साखर आहे. परवा तपासणीला गेले होते. नायलॉनचा एक ताठ दोरा तळव्याला टेकवतात, मग थरथरणारं एक यंत्र अंगठ्याला लावतात. दुखत नाही, खुपत नाही. तपासणारी मुलगी आधी सगळं समजावून सांगत होती, मग डोळे मिटा म्हणाली. मी मिटले, अगदी घट्ट. ती कळतंय का आजी विचारत राहिली आणि मला काहीच कळत नव्हतं. मी नाही म्हणाले. आभाळ कोसळलं नाही. ती आपली पुढच्या बोटाकडे गेली. एवढंच होतं ते, आई, एवढंच.

पण पहिल्यांदा नाही म्हणायच्या आधी मी डोळे उघडून दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर माझ्या ओळखीची दोन माणसं बसली होती, आणि येत्या रविवारी नातीला बघायला पाहुणे यायचे आहेत. मी इतकं हळू बोलले, की त्या मुलीला परत विचारावं लागलं.