हलक्या स्कीज

बाबा,

स्कीज काल आल्या. हलक्या आहेत. मुद्दाम हलक्या घेतल्या आणि हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. तुम्ही आज इथे सिंगापुरात, क्वीन्सटाउनच्या या फ्लॅटमध्ये असतात, तर खोकं उघडताक्षणी एक स्की उचलून दोन्ही हातांवर तोलली असतीत, बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकला असतात आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला असतात, "यात काही दम नाही. परत कर." लोखंड, लाकूड, माणूस, सगळ्याची पारख तुम्ही वजनावरून करायचात. आईनं हौसेनं घेतलेली अॅल्युमिनियमची कढई हातात धरून तुम्ही "हे भातुकलीतलं आहे का?" असं विचारलं होतंत आणि दुसऱ्याच दिवशी बिडाची कढई घेऊन आलात. गॅसवरून ती उतरवायला आईला दोन्ही हात आणि शिवाय मी लागायचे. मजबूत होती, मी कुठे नाही म्हणते? पण तुम्ही बोटीवर गेलात की आई ती माळ्यावर टाकायची आणि तुमची तार आली की खाली काढायची. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही जगभरची बंदरं पाहिलीत. पायाला लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरणारी माणसंही कुठेतरी पाहिली असतील. माझा प्रकार जरा वेगळा आहे. यात वर न्यायला पाळणा नसतो, आखून दिलेला उतार नसतो. आपला डोंगर आपणच चढायचा आणि त्याच फळ्यांवरून खाली यायचं. चढताना स्कीच्या तळाला एक लांब केसाळ पट्टी चिकटवतात, तिला स्किन म्हणतात. ती पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही. माथ्यावर पोचलं की ती सोलून काढायची आणि घडी करून जाकिटात ठेवायची. म्हणजे सकाळभर प्रत्येक पावलाला ती स्की आपल्याच पायानं ओढायची असते. त्यात मी जाते वसंतात, एप्रिलमध्ये, जपानच्या उत्तरेला. तोवर हिवाळ्यातला भुसभुशीत बर्फ संपलेला असतो. रात्री सगळं गोठतं आणि सकाळी डोंगर फरशीसारखा टणक असतो. उन्हं वर आली की वरचा बोटभर थर सैल पडतो, तेवढ्यात उतरायचं. उशीर झाला तर दुपारी नुसती लापशी. अशा बर्फाला रुंद, दणकट स्की घेऊन करायचं काय? रुंद स्की लागते ती खोल बर्फात तरंगायला, इथे तरंगायला खोली कुठे आहे? इथे कडेनं बर्फ धरला पाहिजे. म्हणून मधे जरा अरुंद, लांबीला थोडी आखूड, आत लाकूड असलेली, आणि बुटाचं टोक दोन पिनांनी पकडणारं साधं बाइंडिंग. अगदीच हलकी घेतली तर टणक बर्फावर ती थडथडते, हेही मला माहीत आहे, तेवढी अक्कल मला आहे. हे सगळं तुम्ही शांतपणे ऐकून घेतलं असतंत, दोन नेमके प्रश्न विचारले असतेत, आणि शेवटी पुन्हा म्हणाला असतात, जड घे.

तुमची सुट्टी कशी सुरू व्हायची ते आठवतं का? पहिले दोन दिवस झोप, आणि तिसऱ्या दिवशी शिवणयंत्राच्या तेलाची ती लांब नाकाची कुपी घेऊन तुम्ही डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत फिरायला लागायचात. दारांच्या बिजागऱ्या, कात्री, अडकित्ता, माझ्या सायकलची साखळी. लोखंड दिसलं की तेल. मी ओट्यापाशी उभी आहे, आई नारळ फोडते आहे, आणि तुम्ही खाली बसून विळीच्या पात्यावरून तेलाचं फडकं फिरवता आहात, बाळाला तीट लावावी इतकं मन लावून. "अहो, विळीला कशाला? मी त्यावर खवते," आई म्हणते. "मग गंजलेल्या विळीवर खवलेलं चालेल का तुला?" तुम्ही विचारता. त्या दिवशीच्या चटणीला मशीनचा वास येतो आणि आपण तिघंही ती मुकाट्यानं खातो, कारण तुम्ही सहा-सात महिन्यांनी घरी आलेले असता. आईचा चेहरा मला अजून दिसतो. रागावायचं होतं तिला, पण तुमच्या सुट्टीतला एक दिवस रागावण्यात घालवणं तिला परवडणार नव्हतं.

आणि एकदा तुमची बोट मुंबईला लागली होती तेव्हा तुम्ही मला इंजिनरूममध्ये नेलं होतंत. कान दुखतील एवढा आवाज, गरम वाफेचा वास, आणि तुमचा हात माझ्या खांद्यावर. शेजारी शेजारी दोन सारखे पंप होते. एक धडधडत होता, दुसरा गप्प. बंद पडलाय का, मी ओरडून विचारलं. तुम्ही वाकून माझ्या कानात सांगितलंत, "तो स्टँडबाय. हा बंद पडला की तो सुरू. समुद्रात गॅरेज नसतं." चीफ इंजिनियर म्हणून सगळी माणसं तुम्हाला वाट करून देत होती. त्या दिवशी मला वाटलं, माझ्या बाबांना जगातलं सगळं समजतं. घरीही आपलं सगळं जोडीनंच असायचं. कुकर दोन, मिक्सर दोन, इस्त्र्या दोन. शेजारच्या बायका हसायच्या, पण कुणाकडे लग्नकार्य निघालं की आपल्याकडेच मागायला यायच्या.

मग मी एकोणीस वर्षांची झाले आणि हिमालयातल्या गिर्यारोहणाच्या शिबिरासाठी माझी निवड झाली. कॉलेजातून दोघीच होतो. तुम्ही नेमके सुट्टीवर होतात. जेवता जेवता मी सांगितलं. तुम्ही घास खाली ठेवलात.

"तिथे बर्फात बंद पडलीस तर? तुला स्टँडबाय आहे का?"

"बाबा, मी काय पंप आहे?"

"तेच म्हणतोय. पंप दुसरा मिळतो."

संपलं. आई आमटी वाढायला उठली. हे प्रेम आहे हे मला तेव्हाही कळलं होतं, बाबा, मी एवढी मठ्ठ नव्हते. कळलं होतं म्हणूनच तर अंगाची लाही झाली. रागानं कुणी अडवलं तर भांडता येतं, प्रेमानं अडवल्यावर माणसानं करायचं काय? दुसरी मुलगी गेली, सुखरूप परत आली, तिचं नाक सोललं होतं आणि हसू थांबत नव्हतं. आणि स्वतः तुम्ही? वर्षातले आठ-नऊ महिने चहूकडे पाणी, खाली आगीचं घर. तुम्हाला कुठे स्टँडबाय होता? आम्हाला दुसरा बाप कुठून मिळणार होता? हा प्रश्न त्या दिवशी माझ्या तोंडाशी आला होता. आज विचारते. उत्तर असेल तर द्या.

तुम्ही कायमचे गेलात आणि पुढे मी नोकरीसाठी इथे आले, तुम्ही ज्या बंदरातून इतक्या वेळा बोट पकडलीत त्याच गावात. मी अलेक्झांड्रा भागातल्या एका ऑफिसात आहे. एक सर्व्हर पडला तर दुसरा आपोआप उभा राहिला पाहिजे, हे बघणं माझं काम. हसा खुशाल. इथले लोक डिसेंबर आला की बर्फ बघायला जपानला पळतात, तशी मीही एकदा ऑफिसातल्यांबरोबर गेले, चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा स्कीवर उभी राहिले, धडाधडा पडले आणि त्यातच अडकले. डोंगर चढण्याच्या स्कीज घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र दुकानदार हलक्या दाखवत होता आणि मी त्याला चक्क तुमच्या आवाजात सांगितलं, टिकाऊ हवी. जड घेतल्या. सिंगापूरची हवा तुम्हाला माहीत आहे. स्टोअररूममध्ये ठेवलेल्या त्या स्कीजच्या पोलादी कडांवर तांबूस डाग दिसले आणि माझ्या डोक्यात दुसरा विचारच आला नाही. तेलाचं फडकं फिरवलं. भरपूर.

गेल्या एप्रिलमध्ये पहाटे आम्ही चढायला लागलो. दोघं सोबती आणि आमची वाटाडी, माझ्याच वयाची, माझ्या खांद्याला लागेल एवढी जपानी बाई. अर्ध्या चढावर माझ्या डाव्या पायाखालची पट्टी सुटली. पुन्हा चिकटवली, पुन्हा सुटली. मग उजवीही. टेप गुंडाळून पाहिली, तीही धरेना. हातमोजा नाकाशी नेला आणि मला आईची चटणी आठवली. कडांना लावलेलं तेल वर्षभरात ओघळून तळात मुरलं होतं, त्यावर कुठला गोंद बसतो? टणक बर्फावर नुसत्या बुटांनी उतरायचं आणि त्या अवजड फळ्या पाठीवर, मला दहा पावलंही जमेना. त्या बाईनं माझ्या स्कीज स्वतःच्या पाठीला बांधल्या आणि पुढे चालायला लागली. बाकीचे दोघंही माझ्यामागे उतरले. खालपर्यंत मी तिच्या पाठीवरचं माझं ओझं बघत होते. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि खाली पोचल्यावर मला हसू फुटलं ते थांबेना. जड तुमच्यामुळे घेतल्या, तेल तुमच्यामुळे लावलं. शिबिराला नको म्हणून सांगायला तुम्ही निदान समोर तरी होतात, या वेळी तुम्ही माझ्याच हातांनी मला अर्ध्या वाटेवरून परत आणलंत.

म्हणून यंदा मला दोनच गोष्टी हव्या आहेत. त्या माथ्यावर जायचंय, आणि काहीही मोडलं, सुटलं, तुटलं तरी माझं ओझं माझ्याच पाठीवरून खाली आणायचंय. बंद पडल्यावर मला दुसरा पंप नको आहे, बाबा. बंद पडूनही घरी चालत येता आलं पाहिजे, एवढंच. ते हलक्या वस्तूनंच होतं. बाइंडिंगं मी बेसन मोजायच्या काट्यावर ठेवून पाहिली. रोज संध्याकाळी पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन ब्लॉकचे जिने चढते, रविवारी बुकित तिमाहच्या टेकडीला वळसे घालते. काल खोकं लिफ्टमधून आणताना शेजारची चिनी काकू म्हणाली, "आयो, सो लाँग वन! युअर सन सर्फिंग आह?" मी म्हटलं, नाही, माझं आहे. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अंगठा वर केला. या नव्या स्कीजच्या कडा मी कोरड्या फडक्यानंच पुसणार. तेल नाही, थेंबभरही नाही. गंज चढला तर चढू दे, तो घासून काढता येतो. स्किनचा गोंद इथल्या उकाड्यात पाघळतो म्हणून त्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवल्यात, इडलीच्या पिठाशेजारी. नवऱ्यानं आजच तो डबा फोडणीला काढला होता.

घरात मला कुणी अडवलेलं नाही. नवरा म्हणाला, "घे की. हौस आहे तर आत्ताच कर, पुढे गुडघे काय म्हणतील कुणास ठाऊक." मुलगी फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "बाय ऑलरेडी, वॉट. जस्ट गो लाह, आई." म्हणजे, घेतल्यात ना, मग जा. तिला मी कधीच कशाला नाही म्हणत नाही. तुमच्यावर सूड उगवायचा म्हणून मी तिला अडवत नाही, असं मला वाटायचं. आता ती कयाकमधून एकटी लांब जाते आणि मी खिडकीशी उभी राहून ओठ चावते. पण नाही म्हणत नाही.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, त्यामुळे एक सांगून टाकते. परवाचं विमान आहे आणि मला भीती वाटते आहे. त्याच उताराची. हे मी घरात बोललेले नाही. बोलले तर नवरा म्हणेल, मग राहू दे, आणि मी लगेच राहू देईन, इतकी मी आतून तयार बसले आहे. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही एकदा "नको जाऊस" म्हणा, बाबा. तुम्ही म्हणालात की मी नक्की जाईन.