सॅक्सनीला विचारलं नव्हतं

१७ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

...मी मोरीत भांडी घासत होते आणि हे गच्चीवरून ओरडले — टाकी भरली, मोटर बंद कर! केली. मग कणीक मळली, दूध तापवलं, फडकी पिळून दोरीवर टाकली. नाशिकची साधी मंगळवारची सकाळ. त्या दिवशी काहीच झालं नाही. तीच सारखी आठवते.

इथे कतारला, मुलाकडे अल वक्राला, नळ सोडला की पाणी. कुणी ओरडावं लागत नाही. ह्यांना जाऊन वर्ष होत आलं.

१९ ऑक्टोबर

गार्गीला शाळेसाठी नकाशा करायचाय. नेपोलियन हरल्यावर सगळे राजे व्हिएन्नात जमले आणि युरोप नव्याने वाटून घेतला, तो. नातीला माझं मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. ह्यांनी रद्दीतून आणलेलं युरोपच्या इतिहासाचं जाड पुस्तक मी बॅगेतून काढलं. सातवीनंतर माझी शाळा तीच.

पोलंड तीन रंगांत रंगवला. सॅक्सनीचा राजा बिचारा कैदेत, आणि त्याचा मुलूख किती तोडायचा यावर बाकीचे महिनोन् महिने भांडतायत. मधून मधून नाच, मेजवान्या.

सॅक्सनीला कुणी विचारलं का गं, मी म्हटलं.

"व्हाय वुड दे, आजी? दे लॉस्ट."

२४ ऑक्टोबर

शुक्रवारची सुट्टी. देवव्रतने पुण्याला बहिणीला, नुपूरला फोन लावला, स्पीकरवर. मी आत लसूण सोलत होते. नाशिकचं घर विकून टाकायचं म्हणतात. मी सहा महिने इथे, सहा महिने नुपूरकडे. इथला उन्हाळा आईला सोसायचा नाही, हा म्हणाला. मग जूनपासून दे, मेमध्ये आम्ही बाहेर असतो, ती म्हणाली.

माझी मुलं वाईट नाहीत. दोघांचा आवाज प्रेमाचाच होता. तेच सोसत नाही.

सून नीता आत आली. आई, तुम्ही नका डोक्याला त्रास करून घेऊ, ते दोघं बघतील. तिचंही खरंच. लसूण मात्र आठवडाभराचा सोलून झाला.

२६ ऑक्टोबर

काही नाही. रडूही नाही.

१ नोव्हेंबर

वर्षश्राद्ध झालं. देवव्रतने ह्यांचा टाक नाशिकच्या सोनाराकडून करून मागवला होता — चांदीच्या पत्र्यावर ठसवलेली प्रतिमा. गेलेला माणूस असा देवांत जाऊन बसतो, आमच्यात पद्धत आहे. आज देव्हाऱ्यात बसवला. सगळे पाया पडले.

मी जवळून पाहिलं. फेटा बांधलेला कुणीतरी घोड्यावर. हातात तलवार! ह्यांना सायकलसुद्धा धड येत नव्हती. आणि चष्मा नाही.

फ्रान्सच्या गादीवर परत आणला तोही जुना राजा नव्हताच, त्याचा भाऊ. जुन्याला तर मारलेलं. जुनं होतं तसं बसवलं असं सगळे म्हणतात, आणि बसतं भलतंच.

आता ह्यांचा मुक्काम कायम इथे. माझा सहा महिने.

६ नोव्हेंबर

गार्गीच्या नकाशाला पैकीच्या पैकी. फ्रिजवर लावलाय. पाणी घ्यायला गेलं की पोलंड दिसतो.

पुस्तकात पुढे आहे — हरलेल्या फ्रान्सचा मंत्रीही व्हिएन्नाला गेला होता. चार मोठ्यांनी त्याला बाहेर ठेवायचं ठरवलेलं. तो आत जाऊन बसला. हातात काही नसताना! कसं जमलं असेल? मी तर आत लसूण सोलत बसते.

रविवारी एजंट गिऱ्हाईक घेऊन घर बघायला जाणार. किल्ली कुणाकडे आहे, देवव्रतने विचारलं. शेजारच्या समीनाकडे. मीच सांगितलं. आपल्या तोंडाने.

उद्या शुक्रवार. पुन्हा त्यांचा फोन.

८ नोव्हेंबर

काल फोन चालू असताना खुर्ची ओढली आणि देवव्रतसमोर बसले. घर विकायचं नाही म्हटलं. मग समीनाला फोन करून सांगितलं, किल्ली कुणाला देऊ नकोस, टाकी भरून ठेव, मी येतेय.