अमर्याद डेटा आणि अर्धे वाक्य

सोम., २ जून

संध्याकाळी सहाला वैदेहीचा पाठ. नात अकरा वर्षांची, जन्म सिंगापूरचा, राहणेही तिथेच. आमची तंजावूरची मराठी तिला सगळी कळते. उत्तर मात्र इंग्रजीत. आज विषय स्वयंपाकघर. बायकोने, कमलेने, डवरा (कॉफीची खोल वाटी), पळी, किसणी एकेक करून फोनसमोर धरले. वै. प्रथमच म्हणाली, "अज्जा, मला ते…" आणि चित्र थिजले. तोंड उघडे, एक हात वर.

पडद्यावर सूचना: आजची मर्यादा संपली.

करारपत्राच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'अमर्याद'. आठव्या पानावर बारीक अक्षरांत रोजची मर्यादा. आपलेच वचन आपणच खोडणे, याला न्यायशास्त्रात वदतोव्याघात म्हणतात. कंपनी त्याला 'प्लॅन' म्हणते.

कमला म्हणाली, "मी सकाळपासून एकच गाणं पाहिलं. माझ्याकडे बघूं नका."

मी पाहिले नव्हते. फक्त विचार केला होता.

मंगळ., ३ जून

पुन्हा तसेच. पाठ जेमतेम सुरू झाला होता.

नंतर आमच्या रघूचा, म्हणजे वै.च्या बापाचा, साधा फोन. "अप्पा, रोज अर्धवट. ती कंटाळते. सुटी संपली की ही वेळ तिच्या गणिताच्या क्लासला देऊं म्हणतो. रागावूं नका."

रागावलो नाही. त्याचे म्हणणे सुसंगत आहे. सकाळी डेटा असतो, पण तिचे पोहणे. दुपारी ती आजोळी. रघूचा फोन घरी येतो तो संध्याकाळी. नुसत्या आवाजावर शिकवून पाहिले आहे. ती इंग्रजीत निसटते. माझे ओठ दिसले की तिचे हलतात.

तेव्हा प्रश्न असा: सुटी जूनअखेर संपते; तोवर पाठ अखंड चालला पाहिजे, नाहीतर तो बंद होईल. आणि हा बंद झाला तर आमच्या घरात वै.च्या पुढे ही भाषा नाही. रघू बोलतो, पण तिच्याशी बोलत नाही.

गुरु., ५ जून

कंपनीच्या कार्यालयात गेलो. आमच्या बोळात याच कंपनीची तार आलेली आहे. तारेच्या जोडणीला मर्यादा नाही, असे शेजारचे सांगतात. आमच्याकडे आहे ती बिनतारी पेटी, गेल्या वर्षअखेर घेतलेली. मागणी सरळ: पेटी न्या, तार द्या.

काउंटरवरची मुलगी सौजन्यपूर्ण. "सार, एका पत्त्यावर एकच जोडणी. आधी पेटीचा करार बंद करा."

"करा बंद."

"वर्ष व्हायच्या आत बंद होत नाही, सार. दुसऱ्या जोडणीवर जाणार असाल तरच होतो."

"जाणारच आहे. तारेवर."

"मग आधी तारेची जोडणी दाखवायला हवी."

"ती केव्हा मिळेल?"

"पेटीचा करार बंद झाल्यावर."

अन्योन्याश्रय, म्हणजे दोन्ही एकमेकांवर अडून. इतके स्वच्छ उदाहरण मला तीस वर्षांच्या अध्यापनात एकदाही सुचले नव्हते. विद्यार्थ्यांना मी बी आणि अंकुरावर भागवीत असे. मुलीला तसे सांगितले. ती म्हणाली, "थँक यू, सार. तक्रार अ‍ॅपवर घाला."

शनि., ७ जून

सकाळभर तक्रार रचली. इंग्रजीत, कारण अ‍ॅप तेच घेते.

पद्धत वडिलांची. आमच्या घरात कोणाचे म्हणणे खोडायचे तर आधी ते त्याच्यापेक्षा नीट मांडावे लागे, इतके की समोरच्याने मान हलवावी. मगच आपले. लहानपणी कारल्याची भाजी नको असेल तरी आधी आईची बाजू मांडायची: कारले पित्तशामक आहे, परसातले आहे, आज एकादशी नाही. ती मांडताना चुकलो तर भाजी ताटात पडे. नुसत्या 'नको'ला आमच्या पंगतीत कान नव्हते.

तर आज पूर्वपक्ष, म्हणजे कंपनीची बाजू, असा: मर्यादा करारात लिहिलेली आहे. मी सही केली आहे. सर्वांना समान वाटप व्हावे म्हणून मर्यादा आवश्यक आहे. मुदतीचा करार परवडणाऱ्या दरासाठी असतो. मग दुसऱ्या परिच्छेदापासून 'तथापि', आणि प्रत्येक मुद्द्याचे खंडन, हा उत्तरपक्ष.

पूर्वपक्ष फार चांगला उतरला आहे, हे नम्रपणे नोंदवतो.

मंगळ., १० जून

उत्तर आले. "प्रिय ग्राहक, मर्यादेची पूर्वकल्पना होती व ती आवश्यक आहे, हे आपण मान्य केल्याबद्दल आभार. तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे."

करार सुटत नाही. तक्रार मात्र तीन दिवसांत सुटली.

कमलेला वाचून दाखवले. ती तिण्णईवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून चवळीच्या शेंगा मोडत होती. हसली, इतकी की शेंगा खाली. "चांगलं झालं की! तुमच्या अप्पांनीसुद्धा मान हलवली असती."

बुध., ११ जून

ग्राहक सेवेला फोन. माणूस तमिळ बोलणारा, तरुण, अथक.

मी: पाठ मध्येच तुटतो. तो: सार, महिनाभर जादा डेटा देतो. मी: तोही मर्यादितच. तो: मग वरचा प्लॅन. मी: त्यालाही रोजची मर्यादा आहे. तो: सार, संध्याकाळी पाठ आहे तर दिवसा पेटी बंद ठेवा. मी: कमलेचे गाणे. तो: मॅडमसाठी वेगळे सिम देतो.

प्रत्येक हेतूला, म्हणजे कारणाला, उत्तर तयार. वादी उत्तम; शेवटी मीच त्याला 'छान' म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आले की जादा डेटा मी स्वीकारला आहे आणि त्याबरोबर करार तीन महिन्यांनी लांबला आहे.

वै.चा पाठ: "विळी" या शब्दापर्यंत.

शुक्र., १३ जून

जादा डेटाही सहा वाजून गेल्यावर संपला. वै. पडद्यावर थिजण्यापूर्वीच आता थिजल्यासारखी बसते. बोलायला सुरुवात करीत नाही. तुटणारच, तर कशाला, असे तिचे झाले आहे. हे मला मर्यादेपेक्षा अधिक लागले.

कमला रात्रीच्या जेवणात एवढेच म्हणाली, "वेंकटाकडे तार आहे."

रवि., १५ जून

पापनाशम. कमलेचा भाऊ वेंकटराव, भाताच्या गिरणीचा मालक. सकाळच्या गाडीने गेलो. दारातच: "भावोजी, कुंभकोणमला जातां जातां लोक इथं उतरतात. इंटरनेटसाठी तंजावूरहून आलेले तुम्ही पहिले!"

रघूला आधी कळवले होते. आज रविवार, रघूचा फोन घरी, वै.चे आजोळ नाही. जेवणानंतर सुरू झालो. गिरणी बंद, म्हणून शांतता. चित्र एकदाही थिजले नाही. पहिला काही वेळ ती नेहमीसारखी गप्प, तुटण्याची वाट पाहत. तुटले नाही. मग हळूहळू सैल झाली.

तिने विचारले, करार का सुटत नाही? इंग्रजीतच. मी तक्रार वाचून दाखवली. पहिला परिच्छेद संपायच्या आत ती उसळली.

"अज्जा! हे तुमचं नाही. हे त्यांचं आहे!"

मराठीत. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर तिच्या ध्यानात आले असते. म्हटले, हा पूर्वपक्ष. आपल्या घरची रीत. कारल्याचेही सांगितले.

"ते तुमची आई नाहीत. ते ऐकायला बसले नाहीत. ते पहिलं वाचतात, अँ… आणि बंद करतात. तुम्ही त्यांना उत्तर देऊन टाकलं!"

"मग काय करावे?"

"नको म्हणा."

"कारण विचारतील."

"सांगूं नका! कारण सांगितलं की ते बोलतात. तुम्ही पुन्हा बोलतां. ते पुन्हा बोलतात. मला माहीत आहे, तुम्ही बोलतां!" मग बोट वर करून: "नुसतं नको. तेवढंच."

कमला मागे पदर तोंडाला लावून उभी. वेंकटराव म्हणाला, "पोरगी वकील होणार."

माझी चूक अशी की प्रतिवादी ऐकतो, हे मी गृहीत धरले होते, सिद्ध केले नव्हते. असिद्ध हेतूवर मी इमला उभा केला. तेवढे तिने पाहिले. मी तिला तसे सांगितले. ती म्हणाली, "हां."

तासाहून अधिक बोललो. रघू मध्येच मागून डोकावला आणि दारात उभा राहिला. 

सोम., १६ जून

सराव. कमलेने मुद्दाम कारले केले.

"वाढूं?"

"कारले पित्ताला चांगले, हे मान्य, परंतु…"

वाढले.

"अजून?"

"काल प्रवास झाला, त्यामुळे पोट…"

वाढले. "पोट बरं होतं त्यानं," वर हेही.

तिसऱ्यांदा "नको" म्हणालो. ती पळी तशीच धरून उभी राहिली, मी पुढे काय बोलतो ते पाहत. जीभ दातांत धरली. पळी परत गेली. या वयात हे जमले, याची नोंद असावी.

बुध., १८ जून

फोन केला. बाई होत्या या वेळी.

"करार बंद करायचा आहे."

"कारण सांगाल का, सार?"

"बंद करायचा आहे."

"जादा डेटा…"

"नको."

"वरचा प्लॅन, पहिला महिना मोफत…"

"नको."

"काही गैरसोय झाली का? आम्हाला सुधारायचं आहे, सार." हा प्रश्न प्रामाणिक वाटला. माझ्याकडे त्याचे अकरा मुद्द्यांचे उत्तर होते. कमला समोर बसली होती; तिने हातातला डवरा जमिनीवर जरा जोरात ठेवला.

"नको."

मग बाई निराळ्याच आवाजात म्हणाल्या, "माझे वडीलही असेच आहेत, सार." विनंती नोंदली. क्रमांक दिला. तारेची मागणीही त्यातच घेतली; वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागेल. मिळाली तर पेटी न्यायला आणि तार टाकायला एकच माणूस येईल.

म्हणजे तो अन्योन्याश्रय खरा नव्हताच. दोन्ही कामे एकाच वेळी होऊ शकत होती. विचारावे कोणाला, एवढेच माहीत नव्हते. कार्यालयातल्या मुलीला मी दिलेला दाखला त्यामुळे चुकीचा ठरतो. पुन्हा गेलो तर दुरुस्त करीन.

शुक्र., २० जून

मंजुरीविषयी काही नाही. मात्र 'आपण आम्हाला सोडून का जात आहात?' असा संदेश, खाली हृदयाचे चित्र. उत्तर दिले नाही.

वै.चा पाठ थोडाच झाला. पण आज ती गप्प बसली नाही. तुटायच्या आत जितके होईल तितके भराभर बोलून घेते, चुका, तमिळ, सगळ्यासकट. "अज्जा, नको म्हटलं?" "म्हटले." "किती वेळा?" "पुष्कळ." "शाब्बास," असे ती मला म्हणाली.

शब्द कोठून आला विचारायचे होते. चित्र थिजले. या वेळी तोंड हसरे होते.

रवि., २२ जून

सकाळी कंपनीचा संदेश: विनंती 'विचाराधीन'. माणूस सोमवारी किंवा मंगळवारी येईल, 'मंजुरीच्या अधीन राहून'. या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. तरी बोळाच्या तोंडाशी जाऊन तारेचा खांब पाहून आलो. आमच्या भिंतीपासून फार दूर नाही.

संध्याकाळी पाठ नेहमीच्याच जागी तुटला. त्याआधी रघू म्हणाला होता, क्लासचे आज रात्री ठरवूं, गणिताच्या बाईंना कळवायचे आहे. वै. त्याच्या शेजारी होती. माझ्याकडे पाहत नव्हती.

आत्ता तिचा आवाजी संदेश आला. तिचे सगळे आवाजी संदेश आजवर इंग्रजीत. चित्र नाही, माझे ओठ नाहीत. मंद गतीने उतरला. कमलेला बोलावून दोघांनी ऐकला. जसा आहे तसा:

"अज्जा, मी अप्पाला हे बोलले. तुम्ही ऐका, बरोबर आहे का सांगा. मी बोलले, अप्पा, तुम्ही म्हणतां गणित पाहिजे. पाहिजे. माझं गणित चांगलं नाही, ते पण खरं. तुम्ही म्हणतां अज्जाचा फोन रोज तुटतो, अर्धी वेळ मी नुसती बसते. ते खरं. आणि तुम्ही म्हणतां, मराठी बोलायला इथं कोण आहे? कोणी नाही. ते पण खरं. अप्पानं मान हलवली, अज्जा. मग मी बोलले…"

येथे संपला. बोट उचलले गेले असावे.

कारल्याची गोष्ट तिला मी एकदाच सांगितली होती. कंपनीसमोर ती रीत वापरू नका, हे तिनेच मला शिकवले. बापासमोर वापरली. तो ऐकायला बसला होता, हे तिने आधी पाहून घेतले असणार.

दुसरा संदेश आला आहे. गोल चक्र फिरते आहे. कमला म्हणते, झोपा, सकाळी डेटा येईल तेव्हा ऐकूं. म्हटले, नको.

पूर्वपक्ष निर्दोष आहे. उत्तरपक्ष उतरतो आहे.