संबळ आणि चावीचा कॅमेरा

बाबा, चार दिवसांपासून एक कॅमेरा माझ्या खोलीत आहे. तो घ्यायचा की न्हाई हे उद्या दुकानात सांगायचंय आणि विचारायला तुमच्याशिवाय कोणी सुचत न्हाई. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. असता तरी हे तुम्हाला कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं. तुम्हाला अक्षर येत न्हवतं, आणि मला जे येतं ते इथं मुंबईत मुक्या सिनेमांच्या पडद्यावरच्या पाट्या वाचून आलंय. भोकरदनला मुन्शीजींनी उर्दूचं अलिफ-बे गिरवून घेतलं तेवढीच माझी शाळा, दुसरीतून मी पळालो. तवा चुकलंमाकलं पोटात घाला.

तुम्ही पाहिलेला आमच्या सिनेमा कंपनीचा कॅमेरा तुम्हाला चांगला ध्यानात असणार. लाकडी पेटी, तीन पायांची घोडी, बाजूला हातानं फिरवायचा दांडा. तो हलवायला दोन माणसं लागायची. हा नवा दोन-अडीच शेर भरेल, एका हातात मावतो. ह्याला दांडाच न्हाई. घड्याळासारखी चावी द्यायची, खटका दाबायचा, की अर्धा मिनिट आपला आपण चालतो आणि थांबतो. फीत बोटभर रुंद, कंपनीच्या फितीसारखी भडकन पेटत न्हाई. खोट म्हणाल तर ती फीत थिएटरात चालत न्हाई, छोट्या यंत्रावर, चादर बांधून दाखवावी लागते. भिंगही एकच, लांबचं जवळ आणत न्हाई. पण माझ्या तीन-चार महिन्यांच्या पगारात येतो, आणि मोठा कॅमेरा माझ्या सात जन्मात यायचा न्हाई. आमच्या कंपनीचे बडे कॅमेरावाले, त्यांना सगळे वस्ताद म्हणतात, कोल्हापूरकडचे, त्यांच्याच शब्दावर दुकानदारानं तो मला वापरून बघायला दिला. वस्ताद म्हणाले, "खेळणं हाय गड्या. पन ह्ये खेळणं घेतलं तर तू तुझा मालक. न्हाईतर बस वायरी ओढत."

ते खरंच आहे. आता बोलपट आलेत. कॅमेऱ्याला विजेची मोटर लागली, दांडे काढून अडगळीत टाकले. दांडा फिरवणं हीच माझी कला होती, ती गेली. दिवसभर वायरी ओढतो आणि मोठ्या दिव्यांवरची धूळ पुसतो. हा कॅमेरा घेतला तर कंपनी सोडून गावोगाव जाईन, जे कोणी कधी पडद्यावर पाहिलं न्हाई ते आपलं आपण टिपीन. न्हाई घेतला तर हे असंच.

तुम्हाला कधी सांगितलं न्हाई, पण दांडा मला तुमच्यामुळं आला. सेकंदाला दोन फेरे, न कमी न जास्त, तासन्‌तास. बाकीच्यांचे हात थकले की चाल सुटायची. मी मनात तुमचा संबळ लावायचो, गोंधळाच्या सुरुवातीची संथ चाल, आणि हात तिच्यावर सोडून द्यायचो. वस्ताद लोकांना बोलावून दाखवायचे, "ह्यो मोगलाईतला पोरगा बघा, हात हाय का घड्याळ!" मी लाजायचो. पिंपळगावात तुम्ही संबळ वाजवायचा आणि मी मागं तुणतुणं धरायचो, तवा किती वेळा तुमची काठी माझ्या बोटांवर बसलीय. "पुढं पळू नको. संबळ जाईल तिकडं जायचं. संबळ धावला तर धावायचं, थांबला तर थांबायचं. तुझं तू काई करायचं न्हाई." हाताला ते इतकं पक्कं बसलं की विसरून म्हणलं तरी विसरत न्हाई.

अजिंठ्याला जाताना कंपनीची लॉरी आपल्या गावावरून गेली तो दिवस आता डोळ्यांपुढं आहे. रेणुकाईचं दर्शन घ्यायला सगळे उतरतात, आणि मी वस्तादांना म्हणतो, माझा बाप इथं गोंधळी आहे. ते म्हणतात, अर्धा डबा फीत शिल्लक आहे, घे तुझ्या हातानं. मी पळत घरी येतो. तुम्ही अंगणात संबळाच्या वाद्या आवळत बसलाय. आत्ताच गोंधळ मांडा, मला तो कॅमेऱ्यात घ्यायचाय, असं मी म्हणतो.

"दिवसा? रेणुकाई काय तहसील कचेरीत बसलीय व्हय, दिवसाउजेडी भेटायला?"

"बाबा, उजेड न्हाई तर चित्र येत न्हाई. ऊन पाह्यजे."

"आरं, पण रातीचा मान तिचा."

चुलते दिवटी पाजळून उभे राहिले. उन्हात तिची ज्योत दिसेना, नुसती हवा थरथरताना दिसत होती. ते म्हणाले, "सूर्याला दिवटी दाखवून राह्यलोत आपण. कळलं तर लोक जोड्यानं हाणतील." तुम्ही माझ्याकडं बघितलं. काय बघितलं कोण जाणे. उठलात, संबळ कमरेला बांधला आणि म्हणालात, "पोरगं एकदाच मागून राह्यलं. तिला मी समजावीन."

आणि वाजवलंत. मी दांडा धरला. सुरुवात बराबर होती. मंग संबळ चढायला लागला, शेजारच्या बाया घुमायला लागल्या, चुलत्यांनी उदो उदो केला, आणि शेवटी काठ्या दिसेनाशा झाल्या, इतकं जल्दी तुम्ही वाजवत होता. अंगावर काटा आला होता माझ्या. 

मुंबईला आल्यावर कंपनीच्या छोट्या खोलीत आम्ही दोघांनीच फीत पाहिली. बाबा, त्यात संबळ चढतच न्हाई. तुम्ही जिथं सुरू केलं त्याच चालीनं शेवटपर्यंत वाजवताय, कंटाळल्यासारखे. बाया पाण्यात बुडाल्यासारख्या हळू हळू हलतात. मला आधी कळेचना. संबळ धावला तसा माझा हात त्याच्यामागं धावला होता. दांडा जल्दी फिरला की फीत जल्दी पळते, आणि पडद्यावर ती नेहमीच्या चालीनं दाखवली की सगळं मंद होतं. वर प्रत्येक चित्राला ऊनही कमी मिळतं. म्हणून जसे तुम्ही रंगात आलात तसे काळे पडत गेलात. रेणुकाई आली त्या क्षणी तर तुमचं तोंडच दिसत न्हाई. वस्तादांनी दिवा लावला. शिव्या देतील वाटलं. ते हळूच म्हणाले, "गड्या, तू कॅमेरा चालवत न्हवतास. तुणतुणं वाजवत हुतास."

दिवाळीला घरी आल्तो तवा तुम्ही ताटावरच विचारलंत, "आलं का रं?"

"बराबर आलं."

"शेवटचं? ती आली तेवढं?"

"ती बी आली."

तुम्ही हातातला घास खाली ठेवून हात जोडले. "मंग बोलू दे लोकांला." लोक काय बोलतात ते मला गावच्या वेशीतच कळलं होतं. 'दिवसाचा गोंधळी' हे नाव तुम्हाला पडलं होतं. त्या वर्षी कितीतरी घरांनी लग्नाच्या गोंधळाला सिल्लोडकडची माणसं बोलावली, आणि चुलत्यांनी तुमच्याबरोबर उभं राहणं सोडलं. तुम्ही सगळ्यांना एकच सांगायचा, माझा गोंधळ मुंबईला जसाच्या तसा आहे, पोरगं आणून दाखवील. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही तापानं गेलात. मी आलो ते दहाव्याला. फितीचा डबा संगं आणला होता, खरं सांगायचं तर तुमच्या राखेसंगं नदीत सोडायला. निजामाच्या हद्दीच्या नाक्यावर करोडगिरीच्या, म्हंजे जकातीच्या माणसानं ट्रंक उघडली, फीत हातभर उलगडून सुर्व्याकडं धरली. "इसमें तो कुछ नहीं है, अंधेरा है," म्हणाला आणि परत गुंडाळून दिली. नदीत सोडायचा मला धीर झाला न्हाई.

तवा हा कॅमेरा हातात आल्यावर मी काय केलं असेल तुम्हीच सांगा. रविवारी परळला गेलो. तिथं एका चाळीत साताऱ्याकडचे एक म्हातारे गोंधळी राहतात. दिवसा वाजवाल का विचारलं, तर लगेच उठले, इथं कोणाला काही वाटत न्हाई. चौकात ऊन होतं. मी चावी दिली, खटका दाबला. डाव्या हातात कॅमेरा आपला आपण गुरगुरतोय, आणि उजवा हात हवेत गोल गोल फिरतोय. मला कळलंही न्हाई. गॅलरीतून एक बाई ओरडल्या, "अहो कॅमेरावाले, दळण कसलं दळताय?" सगळी चाळ हसली.

काल फीत धुऊन आली. दुकानातच पाहिली. संबळ चढतो, बाबा. संथ तिथं संथ, आणि शेवटी काठ्या दिसत न्हाईत. म्हाताऱ्याच्या तोंडावर शेवटपर्यंत ऊन आहे. हा कॅमेरा कोणाच्या मागं जात न्हाई, वाजवणारा धावला म्हणून धावत न्हाई. पाहून आनंद व्हायला पाह्यजे होता. मला उठून बाहेर जावं लागलं.

वरचं लिहून दोन दिवस झाले. कॅमेरा परत दिला. रात्रीतून ठरवलं असं काही न्हाई. दुकानाच्या पायऱ्या चढेपर्यंत घ्यायचाच होता. तिथं कॉलेजातला एक मुलगा उभा होता, चांगल्या घरचा पण साधा, कॅमेऱ्याकडं बघून राह्यला होता. दुकानदार त्याला म्हणाला, ह्यांनी वापरलाय, ह्यांनाच विचारा. मुलानं मला विचारलं, "खरं सांगा हं. मला आमच्या गावी आजोबांचं चित्र काढायचंय. वय झालंय त्यांचं. चांगला आहे का?"

मी म्हणालो, "चावी सैल पडते. ऐन वेळेला मंद होतो. भरवसा न्हाई."

त्यानं अजून एकदा कॅमेरा हातात घेऊन बघितला, ठेवला, माझे आभार मानले आणि गेला. दुकानदार माझ्याकडं बघतच राह्यला. परळची फीत त्यानंही पाहिली होती. असं बोलल्यावर मला तो घेता येईना, तिथंच ठेवून निघालो.

चावी सैल न्हवती, बाबा. त्याच्या आजोबांचं तोंड उजेडात येईल आणि तुमचं न्हाई, हे मला सोसलं न्हाई. त्या मुलाचं कॉलेज मला ठाऊक आहे, आमच्या रस्त्यावरच आहे. उद्या जाऊन त्याला खरं सांगीन, असं इथं लिहिलं होतं, ते आत्ता खोडलं.