आळंदच्या मंटपात इंग्रजी कलगी-तुरा

आळंद, रविवार दुपार

तीर्थरूप चंद्रभागा अक्कास, आळंदहून धाकट्या गुंडेरावचा लांबूनच पायाला हात. (जवळ असलो असतो तरी वाकणं झालं नसतं, गुडघा धरलाय.) तुझी कंबर कशी हाय? दाजींची साखर उतरली का अजून चोरून पेढे खायलेत? इथं तुझी भावजय रूपा मजेत हाय, आमच्या पोरीचं, तेजश्रीचं, बी.एड. चालू हाय, तुरीला भाव न्हाई, बाकी देवाच्या दयेनं सगळं बरं. हे फोनवरच सांगितलो असतो, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत न्हाईस, म्हणून पत्र. बसून वाच. दाजी शेजारी असतील तर आधी एकटी वाच.

तू धनराजला माझ्याकडं कामून धाडलीस ते मी इसरलो न्हाई. तुझं लेकरू तुमच्या पुण्यातच चांगल्या कंपनीत काँप्युटरपुढं बसतंय, सुट्टीच्या दिवशी दोस्तमंडळी गोळा करून गिटार बडवतंय, अन् आता म्हणतंय नोकरी सोडतो अन् हेच करतो. तू रडत सांगितलीस की गुंड्या, तू त्याचा मामा हाईस, त्याला नोकरीवर परत बसव, न्हाई तर माझ्या दारात येऊ नको. मी शब्द दिलो. पण समजावून सांगितल्यानं पोरं ऐकत न्हाईत हे मला माझ्या घरातच कळलंय, म्हणून मी जरा डोकं चालिवलो. त्याला म्हणलो, बाबा, पुण्या-बेंगळुरात कुणीबी टाळ्या वाजवतंय, एकडाव आपल्या माणसापुढं वाजवून दाखव. मला वाटलं, आळंदात हे कोण ऐकतंय, मूठभर माणसं येतील, अर्ध्यात उठून चहाला जातील, पोराचा चेहरा उतरंल अन् सोमवारी ते गुमान कंपनीत जाईल. लग्नाचा कल्याण मंटप मीच ठरिवलो.

धनराज म्हणाला, मामा, माझे दोस्त बेंगळुरूहून बी येणार हाईत, त्यांचा बँड वायला, आमचा वायला, गावात जाहिरात तरी कर. एवढं करणं भागच होतं. रेवणप्पाच्या रिक्षावर भोंगा बांधलो. बँड म्हणलं तर लोक वरातीतला समजतील, म्हणून त्याला सांगितलो की पुण्याची पार्टी अन् बेंगळुरूची पार्टी, समोरासमोर, आळीपाळीनं गाणार, एवढंच ओरड. अक्का, आता तूच सांग, आपल्या भागात दोन पार्ट्या समोरासमोर गाणार म्हणलं तर माणूस काय समजंल? कलगी-तुराच समजंल. ही अक्कल मला मंटप भरल्यावर आली.

दिवस मावळायच्या आत पाय ठेवायला जागा न्हवती. अफजलपूरच्या अंगाची माणसं टेंपो करून आलती. बायांनी भाकरी बांधून आणलत्या, कारण सवाल-जवाब एकदा पेटला की कधी सुटंल याचा नेम नसतो. सगळ्यात पुढं पटका बांधून शिवशरण अप्पा बसलेले. (तरुणपणी तुऱ्याचे नावाजलेले शाहीर, आता कुठंबी कलगी-तुरा असला की पंच तेच, बोलिवलं असू दे का नसू दे.)

पहिले बेंगळुरूचे उभे राहिले. काळे कपडे, खांद्याखाली केस. पहिल्याच ठोक्याला पंख्यांवर अडकलेली जुन्या लग्नांची चमकी सगळ्यांच्या डोक्यावर पडली, अन् आत सैपाकखान्यात पातेली आपोआप वाजायली. मला वाटलं आता लोक पळतेत. कुणी हललं न्हाई. अप्पांना तर कमी ऐकू येतंय, ते म्हणाले आवाज बेस हाय, आमच्या वेळंला असा पाहिजे होता. मग त्यांनी वाटणी केली. बेंगळुरूकडं सगळे गडीच, म्हणजे शिवाची बाजू, तुरा. धनराजच्या पार्टीत विजयश्री म्हणून उदगीरची पोरगी जाड तारांची गिटार घेऊन उभी, म्हणजे शक्तीची बाजू, कलगी. पोरांना यातलं काहीच ठाऊक न्हवतं.

बेंगळुरूचा गाणारा वर बोट करून 'व्हाय, व्हाय' म्हणून परत परत ओरडायलता. अप्पांनी तेजश्रीला इचारलं, हे काय म्हणतंय? ती म्हणाली, कामून म्हणतंय. अप्पांनी डोळेच मिटले. आजवर सवाल ऐकले ते शंकराच्या जटेचे, पार्वतीच्या रूपाचे. नुसतं 'कामून' असं उघडं कुणी इचारलं न्हवतं म्हणे. गाणं संपल्या संपल्या ते उठले अन् हाच सवाल म्हणून जाहीर केले. पब्लिक खूश.

धनराजच्या पार्टीनं आपलं ठरलेलं इंग्रजी गाणं सुरू केलं. झालं, चहूकडून जवाब द्या, जवाब द्या सुरू. लिंगम्मा भाजीवाली उठून विजयश्रीला सांगायली की पोरी, शक्तीकडची होऊन गप राहू नको. त्या बिचारीला वाटलं आवाज वाढवायला सांगायलेत, तिनं वाढवला. तेवढ्यात करंट गेला. गिटारी मुक्या झाल्या. कंदील आले, अन् सगळा मंटप धनराजकडं बघायला लागला. अप्पा म्हणाले, जवाब दे, न्हाई तर हारलो म्हण.

धनराज कडेला आला. घामानं निथळत होता. म्हणाला, "अप्पा, कामून ते मला बी म्हाईत न्हाई. माझी आई बी रोज हेच इचारती. पण वाजवलो न्हाई तर माझ्या तोंडाला चव राहत न्हाई."

कुणी हसलं न्हाई, अक्का.

अप्पांनी निवाडा दिला: हा जवाब न्हाई, कलगी हारली. मी मनात म्हणलो, चला, शब्द पाळला, पोरगं गावापुढं हारलं. पण आपला रिवाज मी कसा इसरलो देव जाणे. हारलेल्या पार्टीनं जवाब शोधून पुढच्या जत्रेत उभं राहायचं असतंय, अन् तोवर गाणं-वाजवणं खाली ठेवायचं नसतंय. अप्पांनी नारळ पुढं केला. तुझ्या लेकानं सगळ्यांदेखत तो घेतला. आता मी तुला दिलेला शब्द एका बाजूला अन् त्यानं नारळ हातात धरून गावाला दिलेला शब्द दुसऱ्या बाजूला. गेल्या सोमवारी त्यानं कंपनीला फोन करून नोकरी सोडली. सध्या आमच्या माळवदावर सराव चालू हाय. मी रोज रागावतो. तू म्हणतीस तर अजून रागावतो.

दारात येऊ देशील का न्हाई ते तूच ठरव.
तुझा पाठचा, गुंडेराव

ता.क. रागावतो म्हणून लिवलोय ते दाजींना दाखवायला. खरं म्हणजे त्या दिवशी नारळ घेतल्यावर पहिली शिट्टी माझी होती. रूपा अजून बोलत न्हाई.

आणखी ता.क. निघताना शिवशरण अप्पांनी इचारलं, हे पोरगं कुणाचं. चंद्रभागाचं म्हणलो तर खाली बसले. म्हणाले, त्यांच्या भर उमेदीत एका जत्रेत त्यांच्या सवालाला कलगीवाले अडकले, तवा बायांच्या घोळक्यातून एका परकरातल्या पोरीनं गाऊन जवाब दिला. ते हारले. पोरीला, म्हंजे तुला, आबांनी दंडाला धरून घरी नेलं. मी तवा पाळण्यात असंन. आबा गेले, तू बी मला कधी बोलली न्हाईस. एवढी वर्षं तू कशी गप राहिलीस गं?

पोरापाशी कलगीकडून जवाब देणारं कुणी न्हाई. इंग्रजी काय ते पोरं बघतील, बाकीचं तू बघ. पेंटर अंगणात जत्रेची पाटी रंगवायला बसलाय, 'शाहीर चंद्रभागाबाई' एवढं लिवून झालंय. फुडं आळंदकर लिवू का पुणेकर, तेवढं लवकर कळव, रंग वाळायलाय.